माणिकबागेचे धनी : महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे)

इंदुरात माणिकबाग हे नाव कोणाला ठाऊक नाही? माणिकबाग रोड, माणिकबागचा पूल, अलीकडचे आणि पलीकडचे असे शहराचे दोन भाग. दिवसातून दहा वेळा हे नाव आपल्या तोंडी येते. पण या नावाचा एक राजवाडा आहे, आणि जगातल्या गृहरचनेच्या आणि घरसजावटीच्या पुस्तकांत इंदूरचे नाव त्या राजवाड्यामुळे येते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? खरे सांगायचे तर आम्हालाही बराच काळ माहीत नव्हते. रिक्षावाल्याला माणिकबाग म्हटले की तो पुलाकडे नेतो. त्यात त्याचा दोष नाही.

दर वर्षी स्मरणिकेत आपण होळकरांपैकी कोणावर ना कोणावर लिहितो. सुभेदार मल्हारराव झाले, पुण्यश्लोक अहिल्यादेवी तर वारंवार झाल्या, पहिले यशवंतराव झाले. दुसऱ्या यशवंतरावांवर मात्र आपल्याकडे फार थोडे लिहिले जाते. त्यांच्या नावाचे रुग्णालय आहे, ज्याला सगळे शहर एम. वाय. म्हणते, त्यांच्या नावाचा क्लब आहे, आणि जुन्या मंडळींना होळकर क्रिकेट संघ आठवतो. एवढ्यावर त्यांची ओळख संपते. या वर्षी आम्ही त्यांची गोष्ट त्यांच्या घराच्या बाजूने सांगायची ठरवली आहे. घर बांधणे, ते लावणे, त्यात राहणे आणि ते रिकामे होणे, या चारही गोष्टी या एका माणसाच्या आयुष्यात इतक्या ठळकपणे घडल्या की वेगळ्या दाराने आत जाण्याची गरजच नाही.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा, इंदूरचाच. वडील महाराजा तुकोजीराव (तिसरे). लहानपणीच त्यांना शिक्षणासाठी विलायतेला धाडले गेले. आधी चीम, मग चार्टरहाउस आणि पुढे ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च कॉलेज. राजघराण्यातल्या मुलांना त्या काळी असेच वाढवीत. राज्य मालव्याचे, भाषा मराठी, शाळा इंग्लंडची, आणि सुट्टीत घरी आले की सात मजल्यांचा राजवाडा.

१९२४ मध्ये त्यांचा विवाह कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताराजे यांच्याशी झाला. वर पंधरा वर्षांचा, वधू त्याहून बरीच लहान. आपल्या वाचकांना या सोयरिकीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या हयातीत मराठा आणि धनगर घराण्यांत रोटीबेटीचे व्यवहार व्हावेत म्हणून पुढाकार घेतला होता, आणि कागल–इंदूर हा संबंध त्याच प्रयत्नाचे फळ मानला जातो. शाहू महाराज १९२२ मध्येच गेले. हे लग्न पाहायला ते नव्हते.

पुढच्याच वर्षी वादळ आले. मुंबईच्या मलबार हिलवर जानेवारी १९२५ मध्ये झालेल्या बावला खून प्रकरणात इंदूर दरबाराचे नाव आले. तुकोजीरावांनी चौकशीला सामोरे जाण्याऐवजी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. सतराव्या वर्षी यशवंतराव महाराज झाले. पूर्ण अधिकार मात्र १९३० मध्ये मिळाले. तोवर कारभार इतरांनी पाहिला आणि महाराज शिकत राहिले. वडील हयात, त्यांची बदनामी ताजी, गादी आपली, आणि ज्या घरात राहायचे ते घरही वडिलांनीच सजवलेले. त्या तरुणाला स्वतःचे वेगळे घर का हवे होते, याचे उत्तर आम्हाला तरी इथेच सापडते. कागदोपत्री असे कारण कोणी लिहून ठेवलेले नाही. हा आमचा अंदाज आहे.

होळकरांची घरे कशी होती ते क्षणभर आठवू या. राजवाडा आपण रोज पाहतो. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, मराठी वाड्याची मांडणी, आत चौक. १९८४ च्या आगीत त्याचे किती गेले तेही आपण पाहिले. दुसरे घर लालबाग. खान नदीच्या काठी, १८८६ पासून १९२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने बांधलेले, लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीची फाटके, इटालियन संगमरवर, रंगवलेली छते, झुंबरे, सोनेरी मुलाम्याच्या खुर्च्या. ग्वाल्हेरच्या वाचकांना जयविलास आठवेल, बडोद्याच्या वाचकांना लक्ष्मीविलास. त्या पिढीच्या राजांना युरोप म्हणजे झुंबर, आरसा आणि सोने असे वाटे. पाहुणा आला की त्याचे डोळे दिपले पाहिजेत. त्यात राहणाऱ्याला वाचताना उजेड पुरतो का, दुपारच्या उन्हात खोली किती तापते, हे प्रश्न दुय्यम.

ऑक्सफर्डच्या दिवसांत यशवंतरावांची गाठ एका जर्मन तरुणाशी पडली. त्याचे नाव एकार्ट मुथेसिउस. महाराजांपेक्षा चारच वर्षांनी मोठा, जन्म १९०४ चा. त्याचे वडील हेर्मान मुथेसिउस हे बर्लिनचे नामांकित वास्तुविशारद. इंग्लंडमधल्या जर्मन वकिलातीत असताना त्यांनी इंग्रज लोक घरे कशी बांधतात याचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. घर हे मिरवण्यासाठी नसते, राहणाऱ्याच्या दिवसभराच्या वागण्यातून त्याचा आराखडा निघायला हवा, असे मानणाऱ्या लोकांपैकी ते होते. मुलगा या वातावरणात वाढला. मैत्री जमली, आणि महाराजांनी इंदूरच्या नव्या घराचे काम या पंचविशीतल्या, फारसे काही न बांधलेल्या मित्राकडे सोपवले. घरात मोठी माणसे असती तर त्यांनी नक्की कपाळाला हात लावला असता.

त्याच सुमारास महाराज आणि महाराणी पॅरिसमध्ये वावरत होते. आँरी-पिएर रोशे नावाचे फ्रेंच लेखक त्यांना चित्रकार, शिल्पकार आणि कारागीर यांच्याकडे घेऊन जात. मॅन रे या छायाचित्रकाराने या जोडप्याची काढलेली छायाचित्रे पाहिलीत तर चकित व्हाल. राजाराणीचे ठेवणीतले फोटो म्हणजे पाठीमागे पडदा, हातात तलवार आणि चेहऱ्यावर इस्त्री. इथे दोन तरुण माणसे एकमेकांच्या अंगावर रेलून हसत आहेत. बर्नार बूते द मॉन्व्हेल या चित्रकाराने महाराजांची दोन मोठी चित्रे काढली. एकात ते काळ्या विलायती पोशाखात उभे आहेत, अंगावर लांब झगा. चार-पाच वर्षांनंतरच्या दुसऱ्यात पांढऱ्या मराठेशाही वेषात गादीवर बसलेले, डोक्यावर पागोटे, गळ्यात वडिलांनी पॅरिसहून आणलेले, इंदूर पेअर्स या नावाने प्रसिद्ध झालेले दोन मोठे नाशपातीच्या आकाराचे हिरे. दोन्ही चित्रांतला माणूस एकच, दोन्हींत सारखाच सडसडीत आणि थोडासा दूर गेलेला. यातला खरा कोणता असे विचारायचे नाही. आपल्यापैकी जी मुले पुण्याबाहेर, मुंबईबाहेर तीन-चार पिढ्या वाढली, घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी बोलत वाढली, त्यांना हे कळेल.

माणिकबागेचे काम १९३० मध्ये सुरू झाले आणि १९३३ पर्यंत चालले. जगभर मंदी होती. त्या काळात इंदूरच्या गिरण्यांतला मजूर कसा राहत होता आणि मालव्यातला शेतकरी काय खात होता, हे आठवले की या घरावरचा खर्च टोचतो. तो टोचू द्यावा. संस्थानिकाचे घर म्हणजे रयतेचा पैसा, त्यात सौंदर्य कितीही असो. एवढे मात्र म्हणता येईल की त्याच वर्षांत जोधपूरला शेकडो खोल्यांचा उमेदभवन उभा राहत होता, आणि त्याच्या तुलनेत माणिकबाग हे खरोखरच एक घर होते, राजवाडा म्हणवणारे घर.

इमारतीचा आराखडा इंग्रजी यू अक्षरासारखा. तीन बाजूंना खोल्या, चौथी बाजू मोकळी, मध्ये अंगण. आपल्या वाड्यातल्या चौकाची एक भिंत काढली तर जे होईल ते. बाहेरून पाहिले तर साधे, सरळ, पांढरे. कमानी नाहीत, घुमट नाहीत, नक्षी नाही. लालबागेकडून येणाऱ्या माणसाला ही कचेरी आहे की दवाखाना, असा प्रश्न पडला असेल. खरी गंमत आत होती. दारे, खिडक्या, दिवे, सामान असे पुष्कळसे युरोपात तयार होऊन बोटीने मुंबईला आले आणि तिथून आगगाडीने इंदूरला. दाराची मूठ कशी असावी, दिवा भिंतीत कुठे बसवावा, गालिच्याचा रंग कोणता, हे सगळे मुथेसिउस यांनी एका हाताने ठरवले. घरात वातानुकूलनाची सोय होती. हिंदुस्थानात ती असलेल्या अगदी पहिल्या काही घरांत माणिकबागेची गणना होते. मालव्याच्या रात्री थंड आणि सुखाच्या म्हणून प्रसिद्ध आहेत, पण मे महिन्यातली दुपार इंदूरकरांना शिकवायला नको.

आता सामानाबद्दल थोडे सविस्तर सांगू, कारण घरसजावटीची आवड असणाऱ्यांसाठी इथे शिकण्यासारखे खूप आहे.

वाचनालयात मुथेसिउस यांनी लाल रंगाच्या दोन मोठ्या आरामखुर्च्या ठेवल्या. त्यांच्या पाठीतच दिवे बसवलेले होते. वाचणारा माणूस बसला की उजेड थेट पुस्तकावर पडे, खोलीभर लख्ख करण्याची गरज नाही. किती साधी कल्पना! आज आपण नव्या फ्लॅटमध्ये खोटे छत करून घेतो, त्यात वीस-बावीस दिवे ठोकतो, आणि आजोबा पेपर वाचायला शेवटी बाल्कनीत जाऊन बसतात. उजेड खोलीला द्यायचा नसतो, माणसाला द्यायचा असतो, हे त्या खुर्चीला नव्वद वर्षांपूर्वी कळले होते.

महाराजांच्या कामाच्या खोलीतले मेज एमिल-जाक रूलमान यांचे. पॅरिसच्या फर्निचर कारागिरांत त्या काळी सगळ्यांत वरचे नाव. काळसर आबनुसी लाकूड, मोठी अर्धवर्तुळाकार मांडणी, आणि अलंकार जवळजवळ शून्य. लाकडाची रेघ हाच अलंकार. त्याउलट शयनगृहातले पलंग लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स या जोडीचे, धातू आणि काचेचे. पलंग म्हणजे शिसवी, चार खांबांचा आणि मच्छरदाणीचा, असे मानणाऱ्या घरात काचेचा पलंग आला तेव्हा जुन्या दासदासींना काय वाटले असेल! आयलीन ग्रे या आयरिश बाईंनी बोटीवरच्या आरामखुर्चीवरून सुचलेली एक खुर्ची तयार केली होती, तीही माणिकबागेत होती. पोलादी नळ्यांची, माणसाच्या शरीराच्या वळणाने वळलेली लांब आरामखुर्चीही होती. ती शार्लोत पेरियाँ आणि पिएर जानरे यांच्यासह ल कॉर्ब्युझिए यांनी १९२८ मध्ये घडवलेली, आणि माणिकबागेत तिच्यावर बिबट्याचे कातडे घातलेले. चंडीगडसाठी कॉर्ब्युझिए हिंदुस्थानात आले ते १९५१ मध्ये. त्यांची खुर्ची त्यांच्याआधी दोन दशके इंदुरात येऊन बसली होती. जमिनीवर इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स यांचे गालिचे, मोठ्या सरळ आकृत्यांचे. जेवणाच्या टेबलावर जाँ प्युइफोर्का यांनी घडवलेली चांदीची भांडी.

या यादीने दिपून जाऊ नका. आम्हाला त्यातले वेगळे वाटले ते असे की ही नावे आज संग्रहालयांत आहेत, पण १९३० मध्ये ती नावाजलेली असली तरी अजून वादातली होती. पोलादी नळ्यांची खुर्ची युरोपातल्या श्रीमंत घरांतही लोक हसून नाकारीत. बावीस वर्षांच्या मराठी राजाने आणि त्याच्या सोळा-सतरा वर्षांच्या राणीने ती निवडली. सल्ला देणारे होते, पैसा होता, हे खरे. तरी सल्ला अनेकांना मिळतो आणि पैसा तर त्या काळच्या कित्येक संस्थानिकांकडे याहून अधिक होता. बाकीच्यांनी झुंबरेच विकत घेतली.

दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. त्या खोल्यांची छायाचित्रे स्वतः मुथेसिउस यांनी काढून ठेवली, म्हणून आज त्या कळतात. एका मोठ्या खोलीत एक मेज, दोन खुर्च्या, एक दिवा, एक गालिचा. बस्स. भिंतीवर चित्रांची गर्दी नाही. आपल्या जुन्या वाड्यांतली माजघरे अशीच असत, हे लक्षात घ्या. जमीन, एक पाट, एक फडताळ, खुंटीवर दोन कपडे. सामानाची गर्दी आपल्याकडे साहेबाच्या नकलेतून आली. आणि साहेबाच्या देशातून शिकून आलेल्या एका राजाने ती पुन्हा बाहेर काढली. हा योगायोग असेल, पण आम्हाला तो आवडतो.

१९३३ मध्ये पॅरिसला कन्येचा जन्म झाला, उषाराजे. घरही त्याच वर्षी तयार झाले. पुढच्या चार वर्षांत महाराजांनी शहराकडेही लक्ष दिले. १९३४ मध्ये यशवंत क्लब सुरू झाला तो याच काळातला. आता एक देऊळ बांधायचे मनात आले होते.

पॅरिसमध्ये राहणारे रुमानियाचे शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी यांचे एक शिल्प महाराजांनी रोशे यांच्यामार्फत घेतले होते. नाव अवकाशातील पक्षी. पक्षी म्हणावे तर चोच नाही, पंख नाहीत, डोळे नाहीत. झळाळत्या कांस्याची वर वर जाणारी एक बारीक, फुगीर रेघ. उडणे तेवढे शिल्लक ठेवले आणि पक्षी काढून टाकला, असे ते शिल्प. मग आणखी दोन पक्षी मागवले गेले, एक पांढऱ्या संगमरवराचा आणि एक काळ्या. या तिघांसाठी इंदुरात ध्यानाचे एक छोटेसे मंदिर बांधायचे ठरले. खिडक्या नाहीत, वरून येणारा उजेड, आत पाणी, आणि त्या पाण्याभोवती पक्षी. एका वेळी एकाच माणसाने आत बसावे अशी कल्पना. मूर्ती नाही, घंटा नाही. गाभाऱ्यातला अंधार आणि वरून पडणारा एक झोत हे मात्र आपल्याला अगदी ओळखीचे.

ते देऊळ झाले नाही. जुलै १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये, शस्त्रक्रियेनंतर, महाराणी संयोगिताराजे गेल्या. वय बावीस-तेवीस. उषाराजेंना चार वर्षेही पुरी झाली नव्हती.

ब्रांकुशी मात्र त्याच हिवाळ्यात ठरल्याप्रमाणे इंदूरला आले. साठीचे गृहस्थ, पॅरिसमधून निघून इतक्या लांब आलेले, मनात देवळाचा आराखडा. काम पुढे सरकले नाही. महाराजांचे चित्त ठिकाणावर नव्हते असे म्हणतात, आणि ते असणार तरी कसे? शिल्पकार काही दिवस थांबले आणि परत गेले. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. या शहरात ते देऊळ झाले असते तर आज जगभरातून लोक ते पाहायला आले असते, असे कलेचे जाणकार हळहळून लिहितात. आम्हाला हळहळ वाटते ती वेगळी. दोघांनी मिळून लावलेल्या घरात एकट्याने परत येणे काय असते, ते ज्यांनी सोसले आहे त्यांना सांगायला नको. आणि इथे तर दाराच्या मुठीपासून गालिच्यापर्यंत प्रत्येक वस्तू त्या दोघांच्या तरुणपणात निवडलेली.

पुढचे आयुष्य भरभर सांगता येण्यासारखे आहे. महाराजांनी आणखी दोन विवाह केले, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. त्यांपैकी दुसरीपासून रिचर्ड होळकर हे पुत्र झाले. या रिचर्ड होळकरांनी आणि त्यांच्या पत्नीने पुढे महेश्वरला विणकरांसाठी रेहवा संस्था उभी केली, आणि आज आपल्या घरातल्या बायका ज्या माहेश्वरी साड्या हौसेने नेसतात त्यांना पुन्हा चांगले दिवस येण्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. आईच्या अमेरिकन असण्यावरून वारसाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा मान्यता कन्या उषाराजे यांना मिळाली.

१९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, यशवंतरावांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. इंग्रजांच्या छत्राखालच्या एका राजाने हे करावे म्हणजे केवढे धाडस! दिल्लीत व्हाइसरॉयांना ते मुळीच रुचले नाही. या पत्राची आठवण आपल्या व्याख्यानांतून फारशी निघत नाही, निघायला हवी.

मग क्रिकेट. कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली ज्या संघात खेळले त्या होळकर संघाने १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत चार वेळा रणजी करंडक जिंकला. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या कथांना इथे जागा पुरणार नाही, आणि त्यांतल्या निम्म्या दर वेळी वेगळ्या सांगितल्या जात.

१९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाले. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख आणि इंदूरचे होळकर उपराजप्रमुख. १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला आणि तेही पद संपले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतरावांचे निधन झाले. वय त्रेपन्न. वडील तुकोजीराव त्या वेळी हयात होते. ते पुढे सतरा वर्षे जगले आणि १९७८ मध्ये पॅरिसला वारले.

घराचे काय झाले? माणिकबाग केंद्र सरकारकडे गेली आणि तिथे अबकारी आणि सीमाशुल्क खात्याची कचेरी आली. सामान हळूहळू बाहेर पडले. ब्रांकुशी यांचे दोन्ही संगमरवरी पक्षी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संग्रहालयासाठी घेतले गेले आणि आज कॅनबेराला आहेत. एक पांढरा, एक काळा, शेजारी शेजारी. १९८० मध्ये मोनॅको येथे मोठा लिलाव झाला आणि त्यात पलंग, मेज, खुर्च्या, दिवे, गालिचे जगभरच्या संग्राहकांकडे पांगले. त्यानंतर २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावट-कलांच्या संग्रहालयाने या आधुनिक महाराजावर एक मोठे प्रदर्शन भरवले. त्या खुर्च्या, ते गालिचे, ती चित्रे, मॅन रे यांची छायाचित्रे असे पुष्कळ काही काही महिन्यांपुरते पुन्हा एका छताखाली आले. इंदूरच्या घरासाठी पॅरिसमध्ये निवडलेले सामान पुन्हा पॅरिसमध्येच मांडले गेले, आणि ते पाहायला रांगा लागल्या.

असे कोणी म्हणेल की बरेच झाले, इथे राहिले असते तर वाळवीने खाल्ले असते. आम्ही भांडणार नाही. लालबागेची आणि राजवाड्याची अवस्था आपण पाहिली आहे. पण एखादे घर सामानासकट, जसेच्या तसे, त्याच जागेवर असते तेव्हा ते जे सांगते ते संग्रहालयातली सुटी खुर्ची सांगू शकत नाही. लाल खुर्चीच्या पाठीतला दिवा कोणत्या खिडकीकडे तोंड करून होता, संध्याकाळी किती वाजता तो लावावा लागे, शेजारच्या खोलीतल्या लहान मुलीचा आवाज तिथपर्यंत येई का, हे फक्त घरातच कळते.

या लेखाच्या निमित्ताने आम्ही काही जण माणिकबागेकडे जाऊन आलो. सरकारी कचेरी असल्याने आत सहज जाता येत नाही, तशी अपेक्षाही नव्हती. बाहेरून, झाडांच्या मधून, पाहिले. आमच्यातल्या एकांचे बालपण जुन्या इंदुरातल्या वाड्यात गेलेले. वाडा पडून तिथे आता चार मजली इमारत आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हवेत बोटाने तीन रेघा काढून दाखवल्या, दोन उभ्या आणि एक आडवी, आणि मोकळ्या सोडलेल्या चौथ्या बाजूकडे हात केला. त्यांच्या वाड्यात त्या बाजूला विहीर होती.